घासलेली कड

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रियदर्शनी म्हणते, आई, रोज चार ओळी लिहीत जा. ती पुण्याहून रोज फोन करते आणि तिला माझा आवाज सपाट वाटतो. ही डायरी बियाण्याच्या एका कंपनीने यांना जानेवारीत दिली होती. पहिल्या पानावर नाव घालून यांनी ती तशीच ठेवली. नऊ जुलैला हे गेले. त्या तारखेचं पान उघडून पाहिलं, कोरंच आहे.

आज केदारखेड्याहून देवानंद सरांचा फोन आला. ते यांचे जुने विद्यार्थी आणि आता तिथल्या शाळेत शिक्षक आहेत. गावातून लढाईला गेलेल्यांच्या नावांचा दगड शाळेसमोर बसवायचा आहे, सव्वीस जानेवारीला. अकरा नावांचे कागद मिळाले. बाराव्या माणसाचा कागद नाही, घरात नुसतं पदक आहे, पहिल्या महायुद्धाचं. ते खरं असल्याचं जाणकाराचं पत्र मिळालं तरच नाव घालायचं, असं गावच्या समितीचं ठरलं आहे.

"सर असते तर सरांनी बघितलं असतं," देवानंद सर म्हणाले. "आता तुम्हीच बघा मॅडम. रजिस्टर तर सगळं तुमच्याच हातचं आहे."

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

१९ नोव्हेंबर

यांची खोली उघडली. धूळ पुसली. भिंग, काटा, व्यास मोजायची पट्टी, सगळं जागच्या जागी आहे.

कपाटात शिशाच्या गोळ्या आहेत, असईच्या शिवारात अजून नांगराला लागतात त्या. पितळी बटणं, पट्ट्यांची बक्कलं, तलवारीच्या दोन मुठी, पदकं. कॉलेजात इतिहास शिकवून हे घरी आले की ओट्यावर कोणी ना कोणी रुमाल सोडत बसलेलं असे. हे वस्तू हातात घेत, वजन करत, भिंगातून पाहत आणि मला सांगत. मी लिहीत असे. माझं अक्षर कॉन्व्हेंटचं, सिस्टर अ‍ॅग्नेसनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं. लग्न ठरताना यांनी माझ्या फोटोआधी माझं पत्र पाहिलं होतं आणि म्हणे तिथेच हो म्हणाले.

रजिस्टरात रकाने आहेत: वस्तू, गाव, वजन, व्यास, कड, मत. एकदा मताच्या रकान्यात मी 'बहुधा खरं' असं लिहिलं. हे म्हणाले, "बहुधा हा शब्द दुकानात चालतो, रजिस्टरात नाही." मी ते पान पुन्हा लिहिलं.

जाफराबादचा एक माणूस तोफेचा गोळा घेऊन आला होता ते आज आठवलं. यांनी गोळा फिरवून पाहिला. वर कडी तुटल्याची खूण होती. म्हणाले, "हे जुन्या तराजूचं वजन आहे." तो म्हणाला, "मंग असईच्या लढाईत काय कोणी वजन करत न्हवतं का?" हे दोन दिवस हसत होते.

पदक आलं की आधी कड बघायची, हा यांचा नियम. दर्शनी बाजूला राजा असतो आणि तो सगळ्यांवर सारखाच असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण हे कडेवर ठोकलेलं असतं. बाजारातले लोक साधं नाव घासून काढतात आणि जास्त मागणीचं नाव घालतात, किंवा तशीच गुळगुळीत कड घेऊन गोष्ट विकतात. म्हणून घासलेली कड दिसली की पुढे बघायचं नाही.

मला हे सगळं पाठ आहे. फक्त डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. मोतीबिंदू पिकला की काढू, असं डॉक्टर म्हणाले आहेत.

२३ नोव्हेंबर, रविवार

साडेदहाला केदारखेड्याचे लोक आले. तातेराव, वय सत्तर, इस्त्रीचा पांढरा शर्ट. बरोबर त्यांच्या पत्नी कांताबाई. तातेराव खुर्चीवर बसले. कांताबाई दाराशी खाली बसल्या. मी दोनदा म्हटलं वर बसा. त्या म्हणाल्या, "इथं हवा येती ताई." त्यांनी स्टीलचा डबा पुढे सरकवला. "ठेचा हाय. तिखट खाता का न्हाई तुमी?"

तातेरावांनी रुमाल सोडला.

"आज्याचं हाय. कचरू नाव आज्याचं. महार पलटणीत होता, पहिल्या लढाईत. समुद्रापल्याड, बसऱ्याला गेल्ता. कागद होते, पण पत्र्याच्या पेटीत वाळवीनं खाल्ले."

मी विचारलं, हे तुमच्यापर्यंत कसं आलं.

"आज्याकडून बापाकडं, बापाकडून माझ्याकडं. सरळ हाय."

"मधी जरा—" कांताबाई म्हणाल्या.

"तू थांब. म्याडम मला इचारून राह्यल्या ना?"

मी वहीत लिहिलं: आजोबा, वडील, मुलगा. खंड नाही.

मग पाहिलं. चांदी आहे. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, १९१४ आणि १९१८. ठसा बऱ्यापैकी ठळक. वर रिबिनीची दांडी असते ती कापलेली. व्यास दीड मिलिमीटरने कमी. कड सगळीकडून घासलेली, अगदी सारखी. मला एकही अक्षर दिसलं नाही. दोन्ही बाजूंना कडेलगत एक बारीक गोल रेघ, बांगडीचा वळ उठावा तशी. तीही लिहिली.

कांताबाई वाकून बघत होत्या. "ह्यो घोड्यावरचा मानूस उघडा काहून हाय ओ ताई?"

"गप," तातेराव म्हणाले.

मी सांगितलं, तो एक संत आहे. आमच्या शाळेच्या जिन्यात त्याचं चित्र होतं, पण तिथे त्याच्या अंगावर चिलखत होतं.

"मंग लढाईत गेलं आसंल," कांताबाई म्हणाल्या. तातेरावांनाही हसू आलं. मला वाटतं मीही हसले.

पत्राने कळवते म्हटलं, तर तातेरावांचा चेहरा बदलला. "आत्ता सांगा ना म्याडम. खरं का खोटं, एवढंच. दगडावर समद्या गावाचे आजे राहतील आन् माझाच न्हाई, असं नको व्हायला. मागं सर बी असंच म्हनले व्हते, कळवतो."

"मागे?"

"आल्तो की इथं. पंधरा-सोळा वर्सं झाली. ओट्यावरूनच गेल्तो."

मला आठवत नाही. मी चहा दिला असेल, असं म्हणाले.

"चहा न्हाई," कांताबाई म्हणाल्या. "पानी दिल्तं तुमी. माठातलं. लई गार होतं."

२४ नोव्हेंबर

रजिस्टरात सापडलं. क्रमांक ४१२, ११ मार्च २००९, माझंच अक्षर. "पदक, पहिलं महायुद्ध, चांदी. केदारखेडा. दांडी कापलेली. कड हेतुपुरस्सर घासलेली. मत: खात्री देता येत नाही. बाजारातलं असावं." समासात 'छाप घेतला' अशी नोंद आहे. हे कडेवर पातळ कागद गुंडाळून त्यावर पेन्सिल घासून छाप घेत आणि पाकिटात ठेवत. पाकिटांचा खोका माळ्यावर आहे. शिडी लावावी लागली असती. मत स्पष्ट असताना गरज वाटली नाही.

यांचं आणि माझं मत एकच आलं. बरं वाटायला हवं होतं.

यांच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं. सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणायच्या, वाईट बातमी पहिल्याच ओळीत द्यावी, म्हणजे माणसाला ती पत्रभर शोधावी लागत नाही. पहिल्या ओळीत लिहिलं: सदर पदक मूळ शिपायाच्या कुटुंबातलं असल्याची खात्री देता येत नाही. खाली दांडी, व्यास, कड. सुवाच्य झालं.

२५ नोव्हेंबर

पत्र टाकलं. एक तातेरावांना, एक समितीला. येताना कोथिंबीर आणि दोन लिंबं.

८ डिसेंबर

देवानंद सरांचा फोन. समितीत पत्र वाचलं. तातेराव टोपी घालून निघून गेले. बाहेर पारावर कोणीतरी म्हणालं की आजा बसऱ्याला गेला नव्हता, बाजाराला गेला होता. लोक हसले. देवानंद सरांना वाईट वाटलं असावं, आवाज तसा होता.

"पण सरांच्या घरचं पत्र म्हटल्यावर विषयच संपला मॅडम. दगड घडवायला दिलाय, अकरा नावं."

मी म्हटलं, बरं.

प्रियदर्शनी विचारते आई, रडलीस का एकदा तरी. मी म्हटलं इथे खूप थंडी आहे.

१६ डिसेंबर

यांचा निळा स्वेटर घातला. कोपराला भोक होतं, रफू केलं. रफू मी शाळेत शिकले. हिवाळ्यात सकाळी प्रार्थनेला उभ्या राहिलो की सिस्टरच्या निळ्या स्वेटरची रफू केलेली कोपरं दिसायची, इतकं बारीक रफू की ते विणीचाच भाग वाटे. त्या दूरच्या कुठल्या देशातून आल्या होत्या आणि परत कधी गेल्या नाहीत. त्या रात्री रडत असतील असं आम्हां मुलींना कधी वाटलं नाही.

ठेच्याचा डबा धुऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर तीन आठवडे पडून आहे. कोणाचा डबा रिकामा पाठवू नये. उद्या तूप कढवून नानकटाई करते. सव्वा तासाची बस आहे. दुसरं काही काम नाही.

२१ डिसेंबर, रविवार

दहाच्या बसने केदारखेड्याला गेले. घर सापडलं. तातेराव हरभऱ्याच्या रानात गेले होते. कांताबाई एकट्या होत्या, मांडीवर पाच महिन्यांची पणती की नात. नातच, त्यांच्या मुलाची, सूरजची मुलगी. छकुली म्हणतात. बारसं झालं आहे पण नाव अजून कोणाच्या तोंडात बसलेलं नाही.

"डबा द्यायला इतक्या लांब आल्या?" त्यांनी झाकण उघडलं. "आन् भरून!"

मी बाजेवर बसले. त्यांनी एक नानकटाई बाळाच्या ओठाला नुसती टेकवली. मी म्हटलं, पदक जपून ठेवा हो. माझ्या पत्राने तुमच्या घरात त्याची किंमत कमी व्हायला नको.

कांताबाईंनी बाळाचे पाय वर धरले. पायात नवे चाळ होते.

"मोडलं ताई. म्हातारा म्हनला, खोटं घरात नको. चांदी तर खरी हाय ना, मंग चांदीचं काहीतरी होऊ दे. गावात तोंड दाखवाया जागा न्हाई म्हनला. भोकरदनच्या सोनाराकडं बसून डोळ्यादेखत वितळवलं आन् हे घेऊन आला. दोन दिवस जेवला न्हाई."

"चांदी खरीच होती," मी म्हणाले.

"आन् शिक्का बी खराच व्हता."

त्या रागाने बोलत नव्हत्या. बाळाला थोपटत होत्या.

"तुमी लिवलं कड घासली म्हून. घासलीच व्हती. माझ्या आजेसासूनं, साळूबाईनं, घासून घेतली व्हती. तिच्या गळ्यात माळ व्हती, चांदीच्या रुपयांची. रुपये लहान, आन् ह्ये मधी घालायचं तर मोठं. कोंदणात बसंना. मंग सोनारानं वरची दांडी कापली, कड घासली, आन् बसवलं. घोडा बाहेर, राजा आत. म्हनायची, राजा आत बरा हाय, घाम पुसायला."

कडेलगतची गोल रेघ. ती कोंदणाची होती. माझ्या आईच्या गळ्यातल्या पुतळ्यांवर तशीच रेघ होती, लहानपणी मी तिच्यावरून नख फिरवत असे. आणि ती मी वहीत लिहिली, व्यासाच्या खाली.

"आजेसासरा वारला तवा बायांनी तिच्या अंगावरचं समदं उतरवलं. ह्या माळेला हात लावला तर म्हनली, खबरदार, हे सरकारी हाय, पोलीस येतील. कोनी हात लावला न्हाई!" कांताबाई हसल्या. बाळही हसलं. "मंग बाबासाहेबांनी सांगितलं व्हतं ना, अंगावरचं हे जुनं चांदीचं ओझं टाका म्हून. दीक्षेच्या साली तिनं आपल्या हातानं माळ मोडली. घरावर पत्रे घातले त्याचे. ह्यो एकला शिक्का ठुला. मी लगीन होऊन आले तवा मला म्हनली, ह्ये इकू नको, ह्याच्यावर त्याचं नाव हाय."

"नाव तर—"

"न्हाई ना. तिला वाचता येत न्हवतं. नाव कुठल्या अंगाला हाय ते तिला ठावंच न्हवतं. घासताना गेलं ते सोनारानं बी सांगितलं न्हाई. मरोस्तर तिला वाटायचं, हाय नाव."

बाहेर कोणीतरी पंप सुरू केला. कांताबाईंनी बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

तातेरावांना माहीत नव्हतं का, मी विचारलं.

"माळ मोडली तवा ते रांगत व्हते. आन् बायांच्या गळ्यातलं मानसं कवा बघत्यात? आता सांगितलं मी. मोडून आल्यावर. आधी इचारलंच न्हाई त्यांनी."

"त्या दिवशी मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं का?"

चारची बस मिळाली. घरी येऊन कुकर लावला. वरण-भात.

२२ डिसेंबर

सकाळी शेजारच्यांची शिडी आणली. ४१२ चं पाकीट खोक्याच्या तळाशी होतं. पातळ कागदाची पट्टी, राखाडी; घासलेल्या ठशाचा डोळ्याला न दिसणारा खळगाही अशा छापात उतरतो. खिडकीच्या काचेला लावली आणि यांचं मोठं भिंग धरलं. आधी नुसता धूर दिसतो. मग मधोमध रोमन अक्षरं: सी, एच, आर. पुढे बरंच काही नाही. मग तीन उभ्या रेघा शेजारी शेजारी. एकशे अकरा.

कागदावर कचरू हे नाव रोमनमध्ये लिहिलं. तीन अक्षरं बरोबर मधे येतात. महार पलटणीचा नंबर एकशे अकराच होता, ते यांच्या पुस्तकात आहे.

पट्टीच्या मागे पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं, यांच्या स्वतःच्या हाताने: "बहुधा खरं. शिपायाचं नाव विचारायचं राहिलं."

हे मला सांगितलं नव्हतं. रजिस्टरात वेगळं लिहायला सांगितलं होतं. त्या दिवशी कॉलेजात परीक्षा असतील, मार्च महिना होता. कामात असतील. त्या लोकांना परत बोलवायला पत्ता नसेल. गावाचं नाव होतं, पण पत्ता नसेल.

साडेपाच महिन्यांनी यांचं न वाचलेलं अक्षर वाचायला मिळालं. पट्टी पुन्हा पाकिटात ठेवली. मग परत काढली. असं तीन-चार वेळा झालं. दूध उतू गेलं.

२४ डिसेंबर

देवानंद सरांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, आता? समिती विचारेल, पदक कुठंय?"

"मोडलं."

"मग कशावरून?"

मी छापाचं सांगितलं. कोंदणाचं सांगितलं.

"म्हणजे घरच्या बाईच्या सांगण्यावरून," ते अडखळत म्हणाले. "लोक म्हणतील—"

"पहिलं पत्रही एका बाईनेच लिहिलं होतं, देवानंद. वर लेटरहेड सरांचं होतं इतकंच."

त्यांनी छापाबद्दल पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "पाठवा मॅडम. मी वाचतो."

साध्या कागदावर लिहिलं. पहिली ओळ: माझं २४ नोव्हेंबरचं पत्र चुकीचं होतं. त्यापुढे कोंदण, माळ, साळूबाईंचं नाव, छापाची प्रत. हे मी कोणाकडून ऐकलं तेही लिहिलं: कांताबाईंकडून. यांनी पट्टीमागे लिहिलेली ओळ घालू की नको, यात सकाळ गेली. घातली. सही करताना हात थांबला. यांना आवडलं नसतं. मग केली.

७ जानेवारी

नवी डायरी आणली नाही. या डायरीतला जानेवारी कोराच होता, त्यात लिहिते आहे. छापलेले वार जुळत नाहीत.

समितीत वादावादी झाली. एक जण म्हणाला, या बाईंचं आज खोटं, उद्या खरं, परवा काय? दुसरा म्हणाला, सगळे आजे मेले, आता कोण कोणाला विचारणार. शेवटी असं ठरलं की मी समारंभात उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, त्या अटीवर नाव कोरायचं. देवानंद सरांना ते सांगताना अवघड वाटत होतं. "तुमच्यावर जबरदस्ती नाही मॅडम. सरांचं नाव निघेल त्यात."

मी येते म्हटलं.

प्रियदर्शनीला सांगितलं तर ती म्हणाली, बाबांची सगळी माणसं असतील तिथे, आई, कशाला? पाठव ना ते पत्र नुसतं. मी म्हटलं पत्र एकदा पाठवून झालं.

१३ जानेवारी

दगड इथे जालन्यातच घडवत आहेत, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्याला. जाऊन आले. काळा दगड, अकरा नावं, खाली देणगीदारांसाठी जागा सोडलेली. पाथरवटाने विचारलं, "नाव लिहून द्या बाई. ऱ्हस्व-दीर्घ तुमच्या जबाबदारीवर." लिहून दिलं. तो म्हणाला, अक्षर चांगलंय, असंच उतरवतो. नाकातोंडाला फडकं बांधलं आणि छिन्नी लावली. मी उभी राहिले. अर्ध्या तासात 'कचरू' झालं. दगडाची पूड माझ्या चपलांवर बसली होती, घरी येईपर्यंत पुसली नाही.

२६ जानेवारी

पावणेआठला पोहोचले. झेंडावंदन झालं. पोरांना बुंदी वाटत होते तेव्हा माझं नाव पुकारलं. माईक खरखरत होता. मी कागद वाचला. "मी चुकले" हे वाक्य आलं तेव्हा मागे कोणाचा तरी मोबाइल वाजत होता, पुढच्या दोन रांगांनी मात्र ऐकलं. यांचं नाव घेतलं तेव्हा आवाज थोडा कापला, थंडीही होती. पूर्ण वाचायला चार मिनिटं लागली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग देवानंद सरांनी एकट्याने वाजवल्या आणि थांबले.

दगडावरचा कपडा काढला. बारावं नाव बाकीच्यांपेक्षा पांढरं दिसतं, ताजं आहे म्हणून.

लोक पांगल्यावर तातेराव दगडापुढे उभे होते. टोपी हातात. मी जवळ गेले.

"म्याडम, आता बराबर सांगा. खरं का?"

"खरं."

त्यांनी नावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग त्या दिवशी काय होतं?"

कागद हातात होता, त्याची घडी घातली. ते वाट बघत राहिले, खरंच उत्तर हवं असल्यासारखे. मी माफी मागितली. ते म्हणाले, "त्यानं आता काय व्हतंय." आणि टोपी घालून रानाकडे गेले. अडवण्याचा मला काही हक्क नव्हता.

कांताबाईंनी माझा हात धरला. "चला, चहा घ्या. त्यांचं सोडा, सांजेला येतील ताळ्यावर." या वेळी त्या बाजेवर बसल्या आणि मीही. त्यांनी छकुलीला माझ्या मांडीवर दिलं. पायात चाळ होते. सवयीने माझं बोट त्यांच्या कडेवरून फिरलं. काही लागलं नाही, ते नवेच होते. एक चांगली, जुनी, नाव असलेली वस्तू माझ्या एका ओळीने कायमची नाहीशी झाली, हे मला तिथे नीट कळत होतं. कांताबाईंना मी तसं म्हणाले.

"नाहीशी कुठं?" त्या म्हणाल्या आणि चहा गाळायला आत गेल्या.

त्यांना माझं म्हणणं समजलं नसावं. छकुलीने पाय झाडले, चाळ वाजले. तिने पुन्हा झाडले. मी तिचा एक पाय हातात धरून ठेवला, तो गरम होता.

अकराची बस रस्त्यावर उभी दिसत होती. कंडक्टरने दोनदा घंटी दिली. कांताबाई आतून ओरडल्या, "ताई, तुमची बस!"

बस गेली. पुढची दीडला होती.